पोढी, पुडी, पाडी

माघ सरत आला की कांद्याची पात पिवळी पडून आडवी होते आणि माझा पाय घरात ठरत नाही. कळंबहून जुन्नरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायका ओळीनं बसलेल्या दिसतात. विळ्यानं पात कापायची, कांदा मागे टाकायचा, ढीग झाला की त्याच पातीनं झाकायचा. एसटीच्या खिडकीतून तो उग्र, ओलसर वास आत येतो आणि डोळ्यांना झोंबतो. नारायणगाव ओलांडलं की द्राक्षबागा. बागेच्या तोंडाशी क्रेटची रांग, कात्र्यांचा बारीक आवाज, घडांना गुंडाळलेले, वाऱ्यावर फडफडणारे कागद. हा वाराही याच दिवसांतला, कोरडा, उगाच दार वाजवणारा. त्यात दहावीची परीक्षा. मी शाळेत इतिहास शिकवते. परीक्षेच्या वर्गात तीन तास नुसतं फिरत राहायचं असतं, हे एक बरं आहे. त्या दिवसांत मला कुणी एका जागी बसायला सांगितलं तर जमायचं नाही.

कारण मला एक शब्द ऐकू येत असतो. तो नेमका कोणता, हे मला अजून सांगता येत नाही.

नाना मला नववीत मराठी शिकवायला होते. ओझरच्या अलीकडे, कुकडीच्या काठाला त्यांचा मळा. शेतकऱ्याचा मुलगा, शेतकऱ्याचाच बाप, मधल्या काळात मास्तर. ब्राह्मी लिपी ते स्वतःच्या स्वतः शिकले होते. एकदा वर्गात व्याकरण सोडून त्यांनी फळ्यावर सरळ उभ्या-आडव्या रेघांची अक्षरं काढली आणि म्हणाले, "आपल्या डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे लिहून ठेवलंय. आणि आपण तिथं जाऊन त्याच्यावर आपली नावं कोरतो." वर्ग हसला. मी हसले नाही, अक्षरं उतरवून घेतली. त्या दिवसापासून मी त्यांची झाले म्हणायला हरकत नाही.

पुढे मीही मास्तरीण झाले, नाना निवृत्त झाले, आणि आम्ही सुट्टीच्या दिवशी लेणी हिंडू लागलो. रीतसर परवानगी काढून ठसे घ्यायचो. दगडावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशनं हलके ठोकत तो अक्षरांच्या खोबणीत बसवायचा, वरून शाई थापायची. अक्षर पांढरं उरतं, बाकी कागद काळा होतो. कागद वाळेपर्यंत शेंगदाणे खात बसायचं. त्या बसण्यात नाना जे बोलत ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

"हे बघ," ते म्हणायचे, "ही भाषा मेली असं आपण म्हणतो. पण 'लेण' म्हणजे आपलं लेणं. 'घर' म्हणजे घर. 'दान' तसंच दान. 'गभ' म्हणजे आपला गाभा. हे सगळे चालत चालत तुझ्यामाझ्या तोंडापर्यंत आले. एकटी 'पोढी' वाटेत पडली."

पोढी म्हणजे लेण्याजवळ खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. आज ओझर-जुन्नरात कुणालाही हा शब्द विचारा, कुणी सांगणार नाही.

"मग तिचा अर्थ कसा कळला, नाना?"

"जिथं हा शब्द कोरलाय, तिथं जवळ पाणी आहे. एकदा, दोनदा, दहादा. अर्थ कोशात नाही सापडला पोरी, पाण्याच्या कडेला सापडला."

आमचा विचार एक लहानशी पुस्तिका काढायचा होता. जुन्नरच्या आसपासचे लेख, सामान्य माणसाला वाचता येतील असे. सगळे लेख आधीच मोठ्या विद्वानांनी वाचलेले. आम्ही फक्त ते सोपे करून सांगणार होतो. एकच ओळ अशी होती की तिथं आम्हाला स्वतःचं काही म्हणायचं होतं. डोंगराच्या कुशीत, रस्त्यापासून अर्ध्या तासाच्या चढावर एक लहान लेणं आहे. आत काही नाही, कोळ्यांची जाळी आणि गुरं बसल्याच्या खुणा. बाहेर टाकं, टाक्याच्या वर एका ओळीचा लेख. 'पोढी' हा शब्द स्वच्छ. त्याच्या आधी फक्त दोन अक्षरं उरलेली, 'ध' आणि 'म'. त्यांच्या मागचा-पुढचा दगड फुटलेला.

ब्राह्मीत काना-मात्रा म्हणजे अक्षराला फुटलेली एवढीशी रेघ. दगडाचा टवका उडाला की पहिली तीच जाते. सांगाडा राहतो, स्वर जातो.

माझं म्हणणं होतं, हा 'देयधम' शब्द असणार. देयधम म्हणजे धर्मासाठी दिलेलं दान. असे शब्द लेण्यांत जागोजागी आहेत, इथला पहिला भाग फुटलाय, इतकंच. नानांचं म्हणणं होतं, हे बाईचं नाव आहे. धमा. धमा नावाच्या बाईनं हे टाकं दिलं.

"कशावरून?" मी विचारलं.

"या चढावर पाणी नाही, हे कुणाच्या लक्षात येईल? जिनं डोक्यावर हंडा वाहिलाय तिच्या."

"हा पुरावा नाही, नाना."

"नाही. पण तू म्हणतेस तोही पुरावा नाही. दुसरीकडं आहे म्हणून इथंही असेल, एवढंच तुझं म्हणणं."

ते दिवाळीनंतरचे दिवस होते. हा वाद महिनाभर चालला, आधी हसत, मग कमी हसत. त्यांची आई याच बाजूच्या एका वाडीतली होती आणि मैलभरावरून पाणी आणायची, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी जे बोलायला नको ते बोलले. म्हणाले, "नाना, दगडावर काय आहे ते तुम्ही वाचतच नाही. तुम्हाला जे वाचायचंय ते तुम्ही वाचताय."

त्यांनी ठशाचा कागद गुंडाळला, रबर लावलं आणि म्हणाले, "चल, ऊन व्हायच्या आत खाली उतरू." वाटेत नेहमीसारखे बोलले, पण लेण्यांबद्दल नाही.

माघात, कांदे काढणीला आले तेव्हा, नानांना झटका आला.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. उजवा हात-पाय गेला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, त्यांना बरंचसं समजतंय, पण शब्द यायचे नाहीत. शब्द आला तो एकच. ओसरीवर खाटेला टेकून बसलेल्या नानांनी मला बघितलं, डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, "प…डी."

मी आधी नीट ऐकलंच नाही. ते पुन्हा म्हणाले. मधला स्वर दर वेळी वेगळा, तोंडाच्या कोपऱ्यातून निसटलेला. 'प' होता, 'ड' होता की 'ढ' होता, शेवटी 'ई' होती. बाकी टवका उडालेला.

नानांच्या बायकोला आम्ही सगळे मामी म्हणतो. मामी शाळेत गेलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पुडी म्हणत्यात. तपकिरीची पुडी. डाक्टरनं बंद केली ना." त्यांचा मुलगा दत्ता, द्राक्षाची बाग बघणारा, म्हणाला, "नाय आई. पाडी म्हणतायत. गोठ्यातली पाडी मी पोळ्यानंतर इकली, तवापास्नं त्यांच्या मनात हाय." पाडी म्हणजे कालवड. ती नानांची लाडकी होती, हेही खरं.

आणि मी? मला स्पष्ट ऐकू आलं, पोढी.

मला दुसरं काही ऐकूच येईना. भांडण राहून गेलेलं, पुस्तिका अर्धी, आणि त्या माणसाच्या तोंडात हजारो शब्दांतून उरलेला हा एक शब्द. मी कळंबला घरी गेले तरी तोच, वर्गात सराव परीक्षेचे पेपर तपासताना तोच. एका मुलीनं 'पिढी' लिहिलं होतं, मी ते 'पोढी' वाचून लाल रेघ मारली आणि मग स्वतःचीच लाज वाटून खोडली. नाना मला त्या टाक्यापाशी बोलावत होते. त्यांना काहीतरी दिसलं होतं, एखादी रेघ, एखादी मात्रा, आणि ते सांगायचं राहिलं होतं. मी त्यांच्यापुढे मुळाक्षरांची पाटी धरली. त्यांनी डाव्या हातानं ती बाजूला सारली. हो का नाही विचारलं की मान हलायची, पण हो म्हणायला हलली की नाही म्हणायला, ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं. पुष्कळदा उलटीच हलायची.

"दत्ता, आपण नानांना टाक्यावर नेऊ," मी म्हणाले.

"ताई, येडं लागलंय का तुमाला? चढ बघितलाय ना?"

"त्यांना तिथं जायचंय. मी सांगते ना."

दत्ताचं बागेचं काम ऐन भरात होतं. तरी तो तयार झाला, कारण मी शिकलेली होते आणि नानांची लाडकी होते. त्यानं घरातल्या हाताच्या खुर्चीला दोन बांबू बांधले, बागेवरचे चार गडी घेतले. मामी एक उशी आणि पाण्याची बाटली घेऊन मागे चालत राहिल्या.

तो चढ मला अजून स्वप्नात चढावा लागतो. पळस फुललेला होता. गडी मध्ये मध्ये थांबत, खांदे बदलत. नाना डाव्या हातानं खुर्चीचा हात घट्ट धरून होते आणि खाली बघत होते, खाली, मळ्याकडे. मी मात्र पुढे पुढे पळत होते, जणू वर कुणी मला वेळ दिली होती.

टाक्यापाशी खुर्ची टेकवली. मी लेखाखाली उभी राहिले, बोट दाखवलं. "नाना, पोढी. हे काय, पोढी. सांगा, काय दिसलं तुम्हाला?"

नानांनी वर बघितलं. लेखाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते मोठ्यानं म्हणाले, "पडी. पडी. पडी." डाव्या हातानं त्यांनी स्वतःचा सदरा ओढला, गुंडी तुटून पडली. ते रडत होते. मास्तर म्हणून, बाप म्हणून मी त्यांना तीस वर्षं ओळखत होते, असं रडताना कधी बघितलं नव्हतं. चार परके गडी मान फिरवून उभे राहिले.

मामींनी पुढे होऊन पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चला, घरी जाऊ." दत्ताला म्हणाल्या, "उचल."

संध्याकाळी नानांना ताप भरला, तो चार दिवस राहिला. त्या चार दिवसांत मी मळ्यावर गेले नाही. तोंड नव्हतं. नानांना मी जे बोलले होते ते शब्द न् शब्द माझ्यावर उलटले होते. दगड निदान ओरडून सांगत नाही. माणसानं सांगितलं आणि तरी मी मला जे ऐकायचं होतं तेच ऐकलं.

पाचव्या दिवशी मामींचाच फोन आला. "ये की गं. ताप उतारलाय. तू आलीस का जरा हुशार असत्यात."

मी गेले, मामींच्या शेजारी कांदे निवडत बसले आणि विचारलं, "मामी, ते नक्की काय म्हणतात?"

"आता काय एक म्हणत्यात व्हय," मामी म्हणाल्या. "समदंच म्हणत्यात. सबूद एकच हाय, बोलणं लई हाय." आणि हातातलं काम न थांबवता त्यांनी मला सांगितलं. लांबवून म्हणाले की दत्ता कुठं आहे. लागोपाठ दोनदा म्हणाले की मोरीवर न्यायचं. आखूड, खालच्या आवाजात म्हणाले की नको. चढवून म्हणाले की कुणी पाव्हणं आलंय. तपकिरीची पुडी त्यांनी पुढे करून बघितली होती, नानांनी ती ढकलली होती. दत्तानं शेजारच्या गोठ्यातली कालवड आणून दाखवली, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नव्हतं. म्हणजे पुडी नाही, पाडी नाही, पोढीही नाही. आम्ही तिघं शब्दाच्या स्वरात अर्थ शोधत होतो, तिथं तो नव्हताच, तो त्यांच्या आवाजाच्या चालीत होता.

मी वही केली. मला दुसरं येतं काय? तारीख, वेळ, लांब की आखूड, वर की खाली, पुढे काय घडलं. शाळा सुटली की गाडी काढायची, मळ्यावर जायचं, ओसरीवर वही घेऊन बसायचं. बाहेर क्रेट भरून टेम्पो जात, वारा कांद्याची वाळलेली साल अंगणभर उडवत असे, आणि मी त्या एका शब्दाचं व्याकरण लिहीत असे. पंधरा-वीस दिवसांत माझी वही बरीच भरली. नाना म्हणाले 'पडी' की मी वहीत बघून मामींच्या आधी उठायचे. बरोबर निघालं की मला इतका आनंद व्हायचा की नाना आजारी आहेत हे मी विसरून जायचे. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण ते तसंच होतं.

पाडवा जवळ आला होता. छापखान्याचा माणूस पुस्तिकेच्या मजकुरासाठी मागे लागला होता. एका दुपारी मी सगळी पानं घेऊन गेले आणि नानांना वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. टाक्याचा लेख आला. मी ठरवून गेले होते, त्यांचंच वाचन छापायचं. माझ्या बोलण्याची तेवढीच भरपाई. मी वाचलं, "धमा नावाच्या स्त्रीनं दिलेलं हे टाकं."

"पडी," नाना म्हणाले. आखूड, खालच्या आवाजात.

मी वहीत बघितलं. आखूड, खाली: नको. मी म्हणाले, "बरं नाना, मग माझं वाचते. हे टाकं म्हणजे धर्मासाठी दिलेलं दान."

"पडी." पुन्हा तसंच. मग आणखी एकदा, जरा जोरानं.

मला वाटलं, मला समजलं. हेही नको, तेही नको. जे दगडावर नाही ते लिहू नको. म्हाताऱ्या मास्तरानं शेवटचा धडा दिला. मी रडत त्यांच्या पायाला हात लावला, पानं गोळा केली आणि तशीच जुन्नरला छापखान्यात गेले. त्या दोन अक्षरांच्या अर्थाच्या जागी मी तीन टिंबं घातली.

पाडव्यानंतर आठ दिवसांनी नाना गेले. पुस्तिका निघाली. जाणत्या लोकांनी त्या तीन टिंबांचं कौतुक केलं. प्रामाणिकपणा आहे म्हणाले. मी चार ठिकाणी बोलायला गेले तेव्हा ही गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना माझा आवाज दर वेळी भरून आला.

आता पुस्तिका पुन्हा छापायची आहे. म्हणून गेल्या आठवड्यात मळ्यावर गेले. मामी थकल्यात, पण कांदा अजून हातानंच निवडतात. मी त्यांना म्हणाले, "मामी, टाक्याचा लेख तसाच ठेवते. नानांनी शेवटी सांगितलं होतं ना तसा."

मामींनी हातातला कांदा खाली ठेवला. म्हणाल्या, "सुनंदा, आता तुला सांगते. तवा बोलले न्हाई, तुला वाईट वाटलं असतं. त्या दिशी त्यांनला तहान लागली व्हती."

मला काही कळेना.

"आखूड म्हनलं का नको, हे खरं. पर म्हनताना ओठावनं जीभ फिरवली का पाणी. मी चुलीपाशी व्हते, तिथनं मला दिसत व्हतं. तू वहीत बघत व्हतीस. त्यांच्या तोंडाकडं कुठं बघत व्हतीस. तू गेलीस आन् त्ये दोन तांबे पाणी घटाघटा प्याले."

वारा होता. साली उडत होत्या. एक मोह लगेच झालाच: म्हणजे पोढी म्हणजे पाणीच की, म्हणजे मला पहिल्या दिवशी ऐकू आलं ते… मी तो विचार तिथंच दाबला. हा तोच रोग, पुन्हा उलटलेला. धमा नावाची बाई होती की नव्हती, तिला मी दोनदा पुसलं, एकदा वादात आणि एकदा तीन टिंबांनी, आणि दुसऱ्यांदा पुसताना समोर एक तहानलेला माणूस पाणी मागत होता.

छापखान्यात पानं अजून गेलेली नाहीत. टिंबं ठेवू की नाव घालू, रोज पर्यवेक्षणाला फिरताना मी बदलते, आणि संध्याकाळी पुन्हा बदलते. दगड काही सांगत नाही.

त्या दिवशी निघताना मी मामींना विचारलं, "तुम्हाला एवढं सगळं कसं कळायचं हो?"

"कळायचं कुठं," मामी म्हणाल्या. "पाणी न्यायचं. प्याले तर पाणी. न्हाई प्याले तर दुसरं काय तरी घेऊन यायचं."